रांगेची शेपटी

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये एक वाक्य बोलायला बंदी होती. ‘सिस्टीम बंद आहे’ असं कोणी म्हटलं की सर मान वर करत आणि शांतपणे विचारत, “कोणासाठी बंद हाय जी?”

सुरुवातीला आम्हाला हा प्रश्न खोडसाळ वाटायचा. बंद म्हणजे बंद, सगळ्यांसाठीच. सर ऐकत नसत. “कोण थांबून राह्यलं, कायसाठी थांबून राह्यलं, अन् कवापासून. हे तीन सांगा. सिस्टीमले काय दुःख हाय बंद पडाचं? दुःख बाहेरच्याले हाय.” मग नाइलाजाने उठून खिडकीबाहेर पाहावं लागे, वजनकाट्यावरच्या पुंडलिकला आवाज द्यावा लागे, गेटवर विचारावं लागे. आणि गंमत अशी, की ही तीन उत्तरं गोळा होईपर्यंत अर्ध्या वेळा दुखणं कुठे आहे ते आपोआप कळलेलं असे.

जाम म्हणजे हायवेवरचं गाव. हैदराबादकडचा रस्ता आणि चंद्रपूरकडचा रस्ता इथे एकत्र होऊन नागपूरकडे जातात. चौकापासून थोडं पुढे आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम आहे. एका गाडीतून माल उतरतो, दुसरीत चढतो. प्रत्येक गाडीची तीन कामं: गेटवर नोंद, काट्यावर वजन आणि माझ्या खिडकीवर बिल्टी. बिल्टी म्हणजे मालाचा कागद. तो हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. तिन्ही कामं एकाच सिस्टीमवर, आणि ती चालवायला आम्ही अकरा माणसं. सगळी आसपासच्या गावांतली, घरी शेती असलेली. मी समुद्रपूरच्या रस्त्यावरच्या एका गावाची सून. बारावीनंतर कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, तेवढ्यावर ही नोकरी लागली होती. सात वर्षं झाली तरी सासूबाई शेजारणींना सांगत, “आमची सून टीव्हीसारखं काहीतरी चालवते.”

ही सिस्टीम रोज अकराच्या सुमारास बसायची. बिल्टीचं बटण दाबलं की पडद्यावर गोल फिरायला लागे आणि पाऊण तास फिरतच राही. बाहेर गाड्यांची रांग गेटातून हायवेच्या कडेला, समोरच्या ढाब्याच्याही पुढे जाई. ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्ह पेटवत आणि भात टाकत. गावाच्या नावावरचे सगळे विनोद आमचे ऐकून झाले होते, आम्ही त्यावर हसायचं केव्हाच सोडलं होतं. नागपूरच्या मुख्य कार्यालयातून इंजिनिअर येई. तो तिकडून निघे तेव्हा सिस्टीम बसलेली असे, इथे पोचे तेव्हा पळत असे. चहा पिऊन, ‘नवीन सर्व्हर पाहिजे’ असं लिहून तो परत जाई. नवीन सर्व्हर काही आला नाही. त्याऐवजी बातमी आली, की जामची कॉम्प्युटर रूम बंद करून सगळं काम नागपूरहून चालवायचं घाटतंय. आम्हा अकरा जणांचं काय, ते त्या बातमीत नव्हतं.

आणि मग सर आले.

रिटायरमेंटला दोन वर्षंही उरली नव्हती त्यांची. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच आणि हातात लाल प्लास्टिकचं स्टूल. लॅपटॉप नव्हता. एस.टी.तून उतरून स्टूल घेऊन येणाऱ्या त्या माणसाला गेटवाल्याने फेरीवाला समजून परतवून लावलं, आणि ते खरोखरच समोरच्या ढाब्यावर जाऊन अर्धा तास बसले. नंतर गेटवाला कानकोंडा झाला तेव्हा त्यांनीच त्याची बाजू घेतली. “मी ओळखपत्र कुठं दाखवलं तुमाले? तुमी आत सोडलं असतं, तर मले बोलावं लागलं असतं.”

त्यांच्याबद्दल नागपूरहून मेल आला होता. त्यात लिहिलं होतं, की हे अधिकारी तीन महिन्यांसाठी ‘संगणक कार्यप्रणाली व्यवस्थापन सुधारणा आराखडा’ तयार करण्यासाठी येत आहेत. सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “एवढं लांब नाव हाय, म्हणजे काम लहानच असन.”

स्टॉपवॉचचं कारण चार दिवसांनी कळलं. सर जिल्ह्यातल्या मैदानांवर वर्षानुवर्षं कबड्डीचे पंच होते. रविवारी अजूनही जात. ड्रायव्हर लोकांना हे कळल्यावर त्यांचं नावच ‘पंचसाहब’ पडलं. मी एकदा धीर करून विचारलं, “सर, तुम्हाला प्रोग्रामिंग येतं का?” ते म्हणाले, “थोडं थोडं. पण पंचाले खेळता नाई आलं तरी चालते जी. त्याले रेघ दिसली पाहिजे.”

पहिल्या दिवशी ते कॉम्प्युटर रूममध्ये बसलेच नाहीत. अकरा वाजले, सिस्टीम बसली, आणि सर स्टूल उचलून बाहेर पडले. रांगेच्या कडेने चालत चालत अगदी शेवटच्या ट्रकपाशी पोचले, तिथे एका बाभळीखाली स्टूल मांडलं आणि ड्रायव्हरशी बोलत बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. “आम्ही इथं आतमध्ये आहो, अन् तुमी तिकडं काय पाहता?” पुंडलिकने एकदा विचारलंच. सर म्हणाले, “रांगेचं डोकं तुमाले खिडकीतून दिसते. शेपटी कोणालेच दिसत नाई. अन् दुखते तर शेपटीच.”

आठवड्याने ते आत बसायला आले ते एक काळा फळा घेऊन. कुठल्याशा बंद पडलेल्या शिकवणी वर्गातून आणला होता. भिंतीवर तो लावून त्यांनी खडूने तीन ओळी लिहिल्या. पहिला महिना: काहीच बदलायचं नाही, फक्त पाहायचं. दुसरा महिना: एका दिवशी एकच बदल. तिसरा महिना: कोणीही एक माणूस नसला तरी काम चाललं पाहिजे.

“हाच आराखडा?” मी विचारलं.

“हाच. टाइप करतो मी नंतर, चाळीस पानांचा.”

पहिला महिना आम्हाला फार जड गेला. रूम बंद पडायची टांगती तलवार डोक्यावर, आणि हा माणूस बसून फक्त पाहतोय. माझ्या घरी नवरा रोज विचारे, “आज काय सुधारलं?” मी म्हणे, “आज सरांनी काट्यावरून खिडकीपर्यंत किती पावलं ते मोजलं.” पुंडलिक तर उघडच बोले, “या माणसाले सुधाराले पाठवलं का टाइम पाहाले?” पुंडलिक वजनकाट्यावर बसायचा. गडी कामाचा, पण जिभेला हाड नाही. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, “टाइम पाहालेच पाठवलं, पुंडलिकराव. सत्तावीस मिनिटं झाली, तुमी तुमच्या काट्यावर नाई आहा.”

सरांचं खाणं हा एक वेगळाच विषय होता. दुपारी घरून आणलेल्या डब्यात ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा, हे ठरलेलं. पण चार वाजता त्यांना समोरच्या रमेशभाऊच्या ढाब्यावरचा आलूबोंडा लागे. त्या आलूबोंड्याचा त्यांनी जो उपयोग केला तो मी जन्मात विसरणार नाही.

दुसरा महिना लागला तेव्हा फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी एक चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘माझी चूक’. ज्याच्या हातून चूक झाली त्याने स्वतः येऊन तिथे लिहायची. लिहिणाऱ्याला त्या दिवशी सरांकडून एक प्लेट आलूबोंडा. दुसऱ्याची चूक सांगणाऱ्याला काही नाही. पहिले चार दिवस चौकट कोरी राहिली. पाचव्या दिवशी सरांनी स्वतःच लिहिलं: ‘काल एका दिवसात दोन स्विच बंद करून पाहिले. प्रिंटर कशामुळे अडला ते कळलं नाही.’ खाली स्वतःचं नाव. आणि ढाब्यावर जाऊन एकटेच आलूबोंडा खाऊन आले.

त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी खडू उचलला. दोन वर्षांपूर्वी बिल्टीचा कॉम्प्युटर अचानक बंद पडला होता. नागपूरहून इंजिनिअर आला, त्याने अर्धा दिवस मशीन उघडून पाहिली, काही सापडलं नाही. सापडणार कसं? मोबाइल चार्जिंगला लावायला मीच कॉम्प्युटरची पिन काढली होती, आणि घाबरून तशीच परत लावून गप्प बसले होते. हे मी दोन वर्षं कोणाला, नवऱ्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं. ते सगळं फळ्यावर लिहिलं. मागे वळले तर सर उभे. त्यांनी पंच गुण देतो तसा एक हात वर केला आणि खिडकीतून रमेशभाऊला आवाज दिला, “दोन प्लेट.”

मग जी लाट आली ती आली. कोणी पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवून ठेवला होता, कोणी बॅकअपची डिस्क घरच्या कपाटात ठेवून विसरलं होतं. पंधरा दिवसांत आम्हाला आमच्या सिस्टीमबद्दल जे कळलं ते सात वर्षांत कळलं नव्हतं. पुंडलिकने तर धंदाच मांडला. रोज एक चूक. एक दिवस त्याने लिहिलं, ‘वजनाचा आकडा टाकताना लक्ष नव्हतं.’ सरांनी नोंदी काढून पाहिल्या. आकडा बरोबर होता. “पुंडलिकराव, न केलेल्या चुकीले बोंडा नाई.” पुंडलिक म्हणाला, “मंग खोटी चूक लिहिली, ही चूक धरा ना.” सरांनी बराच वेळ विचार केला आणि दिला त्याला बोंडा.

अकराच्या गाठीचं उत्तरही याच ढाब्यावर सापडलं, तेही कागदात गुंडाळलेलं.

एके दिवशी सर चार वाजता गेले आणि पाचच मिनिटांत परत आले. हातात तेलकट कागद. तो त्यांनी माझ्यासमोर पसरला. “ताई, हे काय हाय?”

मी पाहिलं. आमच्याच प्रिंटरचा कागद. कोणत्या गाडीत कोणता माल, किती नग, कुठून कुठे. वर तारीख कालची. “ही ‘कालची पूर्ण यादी’, सर. रोज काढतो आम्ही.”

“कवा काढता?”

“अकराले. नागपूरले बाराच्या आत पाठवा लागते ना.”

“तुमीच काढता?”

मी गेटाकडे पाहिलं. मग आठवून म्हणाले, “गेटवालेही काढतात. काट्यावरही काढतात. तिघांची वेगवेगळी जाते.”

सर स्टुलावर बसले. खरं म्हणजे त्यांनी तेव्हा ओरडायला हरकत नव्हती, पण ते हळू आवाजात मोजत होते. दोनशे पानांची यादी, तीन ठिकाणांहून, एकाच वेळी, एका म्हाताऱ्या सर्व्हरकडून. तो बिचारा पाऊण तास तीच यादी तीनदा लिहीत बसे, आणि तोवर बिल्टी मागणाऱ्याला गोल फिरवत ठेवी. यादी नागपूरला मेलने जाई. छापलेली प्रत आमच्या शिपायाकडून रद्दीत, रद्दीतून रमेशभाऊकडे. म्हणजे ज्या यादीपायी ड्रायव्हर रांगेत अडकत, त्याच यादीत गुंडाळलेले आलूबोंडे खात ते वाट पाहत होते.

“ही यादी वाचते कोण?” सरांनी विचारलं. अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कोणे एके काळी कुठल्या तरी साहेबाने मागितली होती. तो साहेब केव्हाच रिटायर झाला होता.

मी म्हटलं, “मंग आजच बंद करू.” सर म्हणाले, “नाई. उद्या. आजचा बदल झालेला हाय.” सकाळी आम्ही प्रिंटरची जागा हलवली होती. आणि फळ्यावर दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘कालची पूर्ण यादी बंद. कोणी मागितली तर परत कशी सुरू करायची:’ आणि खाली त्याच्या चार पायऱ्या. परत कसं आणायचं ते लिहिल्याशिवाय ते साधा पंखाही बंद करू देत नसत.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो. मी बटण दाबलं. बिल्टी निघाली. परत दाबलं. दुसरी निघाली. पुंडलिक काटा सोडून खिडकीशी आला आणि दोन्ही बिल्ट्या उलटसुलट करून पाहू लागला. सर खोलीत नव्हते. मी खिडकीतून पाहिलं, तर ट्रकांचा आडोसा नसल्याने लांबवर दिसत होतं; सर बाभळीखाली स्टूल घेऊन एकटेच बसले होते. त्यांच्यापुढे ट्रक नव्हता. रांग गेटापर्यंतच संपत होती. तिथून त्यांनी दोन्ही हात वर केले. लांबून मला नीट दिसलं नाही, पण मला वाटतं ते हसत होते.

आठ दिवस यादीची कोणी चौकशी केली नाही. नवव्या दिवशी नागपूरहून एका बाईंचा फोन आला. फाइली सांभाळणाऱ्या होत्या. “ताई, आजकाल तुमची यादी नाई येऊन राह्यली. तिकडं सगळं ठीक हाय ना? कोणाले काही झालं तर नाई?” मी सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं केलं वो. मी छापून फाइलीत लावत होती. माये तीन कपाटं भरले.”

तिसऱ्या महिन्यात सरांनी आमच्या जागा बदलल्या. आठवड्यातले दोन दिवस मी काट्यावर, पुंडलिक माझ्या खिडकीवर. पुंडलिकने पहिल्याच दिवशी आदिलाबादचा माल अकोल्याला पाठवायचा कागद काढला आणि बोंडा मिळवला. सर्व्हरच्या कपाटातल्या प्रत्येक तारेला आम्ही चिठ्ठी बांधली. सरांचा हुकूम होता, इंग्रजी नाही, घरी बोलतो तसं लिहायचं. ‘ही काट्याची.’ ‘ही काढली तर गेट अंधारात.’ एका राखाडी तारेचं कोणालाच काही माहीत नव्हतं. ती कपाटातून निघून भिंतीतल्या भोकात जात होती. तिच्यावर पुंडलिकने लिहिलं, ‘कायची हाय माहीत नाई. हात लावू नये.’ सिस्टीम पूर्ण बसली तर हाताने कसं काम करायचं, त्याचीही आम्ही दोनदा तालीम केली. छापील कोऱ्या बिल्ट्यांचे गठ्ठे प्रत्येक टेबलाच्या खणात आले.

महिना संपता संपता नागपूरहून मोठे साहेब आले. निर्णय तेच घेणार होते. बरोबर दोन माणसं. साडेदहाला आले, कारण त्यांना अकराचा तमाशा डोळ्यांनी पाहायचा होता. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. गाड्या येत होत्या, जात होत्या. चहा आला. साडेअकराला साहेब वैतागून म्हणाले, “इथे तर काहीच होत नाही.”

“हो जी,” सर म्हणाले. “तेच दाखवाचं होतं.”

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. “काहीच होत नसेल, तर अकरा माणसं कशाला लागतात?”

तीन महिने आम्ही जिवाचं रान केलं होतं, आणि त्याचा अर्थ असाही निघू शकतो हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सर मात्र उठले आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं.

“बरोबर विचारलं साहेब. आता तुमीच काही तरी होऊ द्या. यातली कोणतीबी एक तार काढा.”

“कोणतीही?”

“कोणतीबी.”

साहेब वाकून चिठ्ठ्या वाचायला लागले. एका चिठ्ठीशी थांबले, आणि माणसाचा स्वभावच तो, त्यांनी नेमकी तीच राखाडी तार उपटली. सरांनी स्टॉपवॉच दाबलं. आम्ही सगळे पडद्यांकडे पाहत होतो. गेट चालू, काटा चालू, बिल्टी चालू. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग दारात रमेशभाऊ आला, खांद्यावर टॉवेल, हातात झारा तसाच. “सर, तुमच्याकडं काही झालं काय? माया टीव्ही गेला. गिऱ्हाईक मॅच पाहून राह्यले होते.”

कुठल्याशा जुन्या इंजिनिअरने बोंड्यांच्या बदल्यात त्याला आमच्या इंटरनेटची तार जोडून दिली होती. आपली तार कंपनीच्या कपाटातून येते हे रमेशभाऊलाही तेव्हाच कळलं. आधी साहेब हसले, मग त्यांची माणसं, मग आम्ही. रमेशभाऊ ओशाळून झारा मागे लपवत होता. सरांनी चिठ्ठीवरची जुनी ओळ खोडून लिहिलं, ‘रमेशभाऊचा टीव्ही’, आणि त्याला सांगितलं, “या आठवड्यात स्वतःचं कनेक्शन घेजो.”

हसता हसता साहेबांचा हात सर्व्हरच्या जाड तारेवर गेला. “आणि ही?”

“काढा,” सर म्हणाले.

साहेबांनी काढली. सगळे पडदे एकदम काळे झाले.

त्यानंतरचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. कोणी ‘सिस्टीम बंद’ म्हटलं नाही. मी खण उघडून बिल्ट्यांचा गठ्ठा काढला. पुंडलिक धावत काट्यावर गेला आणि तिथून वजनाचे आकडे ओरडून सांगू लागला. मी आठवड्यातले दोन दिवस त्याच्या जागी बसत होते, त्यामुळे कोणता आकडा कुठे लिहायचा ते विचारावं लागलं नाही. गेटवाला वहीत नोंद करून गाडी आत सोडत होता. दोघं जण फळ्यावरच्या पायऱ्या एक एक करून वाचत सर्व्हर उभा करत होते. गाड्या सावकाश, पण हलत होत्या. आणि सर? सर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मध्ये एकदा एक जण पायरी चुकला तेव्हा ते अर्धवट उठले आणि परत बसले. त्याचं त्याला कळलं, त्याने मागे येऊन नीट केलं.

एकोणीस मिनिटांनी पडदे उजळले. हाताने केलेल्या नोंदी आम्ही आत भरल्या. साहेब गेटवर गेले. एक तेलंगणातला ड्रायव्हर बाहेर पडत होता, त्याला थांबवून त्यांनी विचारलं, आज इथे काही त्रास झाला का. तो नाराजीनेच म्हणाला, “साहब, पहले ठीक था. खाना बन जाता था. अब तो चावल धोने का भी टाइम नहीं मिलता.”

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जामची रूम राहणार होती, आणि आम्ही अकराही. सरांना परत बोलावलं होतं. जाताना रूमची जबाबदारी कोणाकडे द्यावी म्हणून नागपूरने नाव विचारलं, तर त्यांनी माझं दिलं. मी गेले त्यांच्याकडे. म्हटलं, “सर, मी बारावी. इंजिनिअर माणूस द्या.” ते कागद आवरत होते. वर न पाहता म्हणाले, “तुमी दोन वर्षं एक गोष्ट लपवली, अन् मंग सगळ्यांसमोर लिहिली. असा माणूस मले खुर्चीत पाहिजे. न चुकणारा माणूस लय धोक्याचा, जी.”

त्याला आता बराच काळ झाला. मी ती खुर्ची सांभाळते आहे. सर रिटायर होऊन सेलूला आपल्या घरी राहतात.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको सेलूजवळ एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. परत येताना अचानक वाटलं म्हणून त्यांच्या घरी वळलो. दार त्यांच्या मिसेसनी उघडलं. आत पाहते तर काय. सोफ्यावर वर्तमानपत्रांची चळत, भिंतीवरचं घड्याळ बंद, टीव्हीच्या मागे तारांचं जाळं, आणि त्या जाळ्याशेजारी पाय पसरून बसलेले सर.

“तीन महिने झाले टीव्ही लागत नाई,” वहिनी म्हणाल्या. “लोक म्हणतात याइनं जाम सुधारलं. इथं एक बल्ब बदलवाचा तर मले शेजारच्याले बोलवा लागते.”

“इथल्या मॅनेजर ह्या हायेत,” सर सुखाने म्हणाले. “मी हात नाई लावत.”

टीव्ही मी लावून दिला. दोन तारा उलट्या होत्या, एवढंच. वहिनींनी गरम भजी केली आणि माझ्या नवऱ्याला कपाशीचं विचारलं. सर मधे मधे सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारत होते, पुंडलिकची सगळ्यात जास्त. निघताना ते फाटकापर्यंत आले. नवरा मोटारसायकल काढत होता.

“ताई,” सर म्हणाले, “एक गोष्ट तुमाले सांगाची राहून गेली. मी जामले आलो ना, तवा माया बॅगेत अहवाल आधीच टाइप केलेला होता. इथं सुधारणा होऊ शकत नाई, रूम बंद करावी. मले खाली सही करून दोन दिवसांत परत जाचं होतं. मेलमधले तीन महिने नुसते कागदावर होते.”

“मंग काऊन नाई केली सही?”

त्यांनी फाटकाच्या कडीशी चाळा केला. “करणारच होतो. वाटलं, कशावर सही करून राह्यलो ते एकडाव पाहून घ्यावं. पाहत बसलो, अन् मंग लय मजा यायले लागली जी.”

रस्त्याला लागल्यावर नवऱ्याने विचारलं, “काय म्हणत होते एवढं?” मी मागून त्याच्या कानाशी सगळं सांगितलं. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. बाजूच्या शेतात गहू उभा होता.

“रिकाम्या हातानं गेलतो आपण त्या माणसाकडं,” तो म्हणाला, आणि त्याने गाडी वळवून सेलूच्या बाजाराकडे घेतली.